टूरवर गेल्यावर खोलीतच दहीभात खायचा? का म्हणून?

चाकणचा_राघू
परवा इथे शिस्तप्रिय यांनी लिहिलं, "हल्लीची पोरं कंपनीच्या पैशाने टूरवर जातात आणि संध्याकाळ झाली की लोकल हॉटेलं नि ब्रुअऱ्या धुंडाळत फिरतात. मी २२ वर्षं टूर केले, रात्री खोलीत दहीभात खाऊन झोपलो, एकदाही पोट बिघडलं नाही. कामाला गेलाय, सहलीला नाही." खाली बऱ्याच जणांनी वा वा केलंय. मला ते अजिबात पटलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय, लांबलं तर लांबू दे.

मी महिन्यातून एकदा बेंगळुरूला जातो, पीण्या या कारखान्यांच्या भागात व्हेंडरकडे, म्हणजे आम्हाला पार्ट पुरवणाऱ्याकडे. दिवसभर शॉप फ्लोअरवर उभा, कपड्यांना कूलंटचा वास, डोक्यात मायक्रॉन. पहिली दोन वर्षं मी पण हेच केलं, यशवंतपूरच्या हॉटेलात खोलीवर पनीर नि रोट्या मागवायच्या, टीव्ही बघायचा, झोपायचं. मग एकदा घरी मामाने विचारलं, इतका जातोस तर बेंगळुरू आहे कसं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

पुढच्या फेरीला व्हेंडरकडच्या क्वालिटीवाल्याने सांगितलं की अरे मेट्रोची ग्रीन लाइन तुझ्या दारावरून जाते, बस की तिच्यात. पीण्याहून संपिगे रोडला उतरायचं, तिथून चालत मल्लेश्वरमात सीटीआर नावाचं हॉटेल, बेण्णे म्हणजे लोण्याचा मसाला डोसा, वरून कडक आतून लुसलुशीत. तीच मेट्रो पुढे नॅशनल कॉलेजला नेते, तिथून गांधी बाजारात विद्यार्थी भवन, १९४३ पासूनचं, वेटर एका हातावर डोशांच्या प्लेटांची अख्खी चळत तोलत येतो ते बघायला तरी जावं. शंकरपुरममध्ये ब्राह्मिन्स कॉफी बार, १९६५ चं. इडली, वडा, खारा बात (उपमा), केसरी बात (शिरा), कॉफी, चहा, बास, एवढाच मेनू आणि उभ्याने खायचं.

आणि हो, ब्रुअरी, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवून देतात तो बार. मॅजेस्टिक स्टेशनला पर्पल लाइन पकडून इंदिरानगर, तिथे टॉइट नावाची. तिथली व्हीट (गव्हाची) बिअर पहिल्यांदा प्यायलो तेव्हा केळ्याचा आणि लवंगेचा वास आला, मला वाटलं इसेन्स घातलाय. बारवरच्या मुलाने समजावून सांगितलं की तो वास यीस्टचाच, त्या जातीचं यीस्ट आंबताना तसा वास सोडतं, बाहेरून काही घालत नाहीत. गाळत नाहीत म्हणून गढूळ दिसते. मी रोज प्रोसेस बघणारा माणूस, मला त्या दहा मिनिटांत जी मजा आली ती खोलीतल्या टीव्हीसमोर कधी आली नाही. एक ग्लास, जेवण, नऊ-साडेनऊला परत. सकाळी साडेआठला गेटवर हजर. यात बेजबाबदारपणा कुठे आला ते शिस्तप्रिय यांनी सांगावं.

शिस्तप्रिय
सांगतो. तुमचं नशीब आजवर चांगलं आहे इतकंच. एका कमिशनिंगला, म्हणजे नवा प्लांट सुरू करून द्यायला, आम्ही तिघं गेलो होतो, गाव सांगत नाही. आदल्या रात्री दोघं "इथलं मटण फेमस आहे" म्हणून बाहेर गेले. पहाटे चार वाजता एकाला सलाईन लावायला मी घेऊन गेलो, दुसरा खोलीतून बाहेरच येऊ शकत नव्हता. बॉयलर पेटवायची वेळ ठरलेली, क्लायंटचे लोक उभे, आणि मी एकटा. सोळा तास. त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस होता, फोन पण करता आला नाही. तुम्हाला दहीभात म्हणजे अरसिकपणा वाटतो. मला तो माझ्या दोन सहकाऱ्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटला. यावर मी हटणार नाही.

चाकणचा_राघू
मुलीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण पोट तर मोठ्या हॉटेलच्या बुफेने पण बिघडतं. सकाळपासून मंद आचेवर ठेवलेल्या भाजीपेक्षा दर मिनिटाला तव्यावरून उतरणारा डोसा जास्त सुरक्षित असतो. जिथे गर्दी तिथे माल ताजा, साधं गणित आहे.

निळी_छत्री
दोघांचं वाचलं. दोघंही पुरुष आहात ते न सांगता कळतं.

मी स्टॉक ऑडिटला फिरते, वर्षातले शंभरेक दिवस. राघू, तू लिहिलंस "नऊ-साडेनऊला परत", मी ते वाक्य वाचून थांबले. मी एका शहरात एका ब्रुअरीत गेले होते, नाव घेत नाही. सव्वासात वाजलेले. दारावरच्याने विचारलं किती जण, म्हटलं एक. त्याने माझ्या मागे बघितलं, कोणी येतंय का म्हणून. मग म्हणाला दोघांच्या खाली टेबल देत नाही. आत निम्मी टेबलं रिकामी दिसत होती. मी हुज्जत घातली तर टॉयलेटच्या बाजूचं एक टेबल दिलं आणि बिअर यायच्या आत शेजारच्या टेबलावरून "जॉइन अस" आलं. मी बिअर अर्धी ठेवून उठले आणि पैसे पूर्ण दिले. त्यानंतर चार महिने मी खोलीतच जेवले, आणि ते शिस्त म्हणून नाही.

आता मी जाते, पण माझ्या पद्धतीने. सहाला जाते, काउंटरवर बसते, बारवाल्याशी आधी बोलते, तो ओळखीचा झाला की कोणी त्रास देत नाही. आणि खरं सांगू का, दर्शिनीत, म्हणजे बेंगळुरूच्या उभ्याने खायच्या उपाहारगृहात, मला कधीच कोणी "एकट्याच?" असं विचारलं नाही. टोकन घ्या, उभ्याने खा, निघा. एकट्या बाईसाठी त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तर धाग्याचा प्रश्न "जावं की नाही" असा नाहीये, "कोणाला जाता येतं" असा आहे.

चाकणचा_राघू
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मान्य. तो दोघांच्या खाली टेबल नाहीचा नियम एकट्या पुरुषाला पण लावतात, मला पण एकदा लावलाय.

निळी_छत्री
लावत असतील. पण तुझ्या मागे कोण येतंय ते बघितलं का त्याने?

चाकणचा_राघू
नाही बघितलं.

पावती_हरवली
तुमचं सगळं खरं हो, पण पैसे कोण देणार ते बोला की. आमच्याकडं टूरचं जेवण ॲक्चुअल्सवर, बिल दाखवा पैसे घ्या. सोलापूरला गेलो, खानावळीत शेंगाचटणी, कडक भाकरी, काळ्या मसाल्यातलं मटण, आम्ही दोघं, ६८० रुपये. मालकानं वहीच्या पानावर लिहून दिलं, शिक्का मारला. अकाउंट्सनं परत पाठवलं, जीएसटी बिल पाहिजे म्हणून. त्याच फेरीत दुसऱ्या दिवशी लॉजिंगमधल्या रेस्टॉरंटात तिप्पट पैसे देऊन बेचव जेवलो, ते एका मिनिटात पास! म्हणजे कंपनीच म्हणते की महाग नि वाईट खा. माझे अर्धे ३४० रुपये अजून अडकलेत, आठ महिने झाले. रक्कम छोटी हाय पण राग जात नाही.

हिशोबनीस
अकाउंट्सवाला बोलतो. आधी शिव्या घालून घ्या मग ऐका.

२० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या खानावळीला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही, तर ती जीएसटी बिल देणार कुठून? कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असेल तर ती गिऱ्हाइकाकडून कर घेऊच शकत नाही, "बिल ऑफ सप्लाय" देते आणि ते पूर्ण वैध असतं. ब्रुअरीचं म्हणाल तर दारू जीएसटीत नाहीच, तिच्यावर राज्याचा कर, बऱ्याच ठिकाणी व्हॅट, म्हणून एकाच बिलात दोन वेगळे कर दिसतात. ते बघून आमची नवी मुलं गोंधळतात आणि सगळंच बिल परत पाठवतात, जेवणासकट.

पावती_हरवली
मग मागता कशाला?

हिशोबनीस
कंपनीला वाटतं इनपुट क्रेडिट मिळेल, म्हणजे बिलात भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा होईल. खाण्यापिण्यावर, काही अपवाद सोडले तर, क्रेडिट मिळतच नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने ते अडवलंय. म्हणजे जेवणाच्या बिलावर जीएसटी नंबर असला काय नि नसला काय, क्रेडिटच्या दृष्टीने शून्य फरक. खर्चाचा पुरावा मात्र लागतो, तो वहीच्या पानाने पण होतो, वर तारीख, जागा, रक्कम, सही असली की.

पावती_हरवली
म्हंजे आठ महिने मला उगंच फिरवलं?? हे तुम्ही आत्ता सांगताय?

हिशोबनीस
तुमच्या कंपनीत मी नाही. आणि बनावट पावत्या पण येतात हो. एका क्रमांकाची पावती तीन जणांनी लावलेली मी पकडली आहे, तीन वेगळ्या शहरांतून. त्याचा त्रास प्रामाणिक माणसाला होतो हे मला पण कळतं, पण टेबलाच्या या बाजूला बसून बघा.

निळी_छत्री
मी बसते त्या बाजूला, ऑडिटर आहे. चोर पकडायचा तर पर डीएम द्या. दिवसाला ठरावीक रक्कम, खा नाहीतर वाचवा, पावतीच नको. चोरी करायचं कारणच संपतं. खानावळीत जेवणारा दोन पैसे वाचवेल, राघू ब्रुअरीत घालवेल, कंपनीचा खर्च तेवढाच.

शिस्तप्रिय
आणि दहीभात खाणारा सगळेच वाचवेल. आमच्या काळी पर डीएमच होता. त्यातून मी घराचा पहिला फ्रीज घेतला. हे मी आधी लिहायला हवं होतं. दहीभातामागे ते पण कारण होतं.

चाकणचा_राघू
मग हे शिस्तीचं म्हणून का लिहिलंत? संसारासाठी वाचवलं असं लिहिलं असतं तर मी हा धागाच काढला नसता. त्याला कोण नावं ठेवणार?

शिस्तप्रिय
कारण दोन्ही होतं. आणि तुमच्या पिढीला पैशाचं सांगितलं की कंजूष वाटतो माणूस.

जयनगरकर
बेंगळुरूत तीस वर्षं राहतो, घरी मराठी. दोन गोष्टी बोलतो.

एक, राघूने सांगितलेल्या जागा चांगल्याच आहेत पण दोन दिवसांसाठी आलेला माणूस तिथे रांगेत पाऊण तास काढतो. ज्या गल्लीत उतरलाय तिथली दर्शिनी बघा, सकाळी सातला जिथे रिक्षावाले नि मॉर्निंग वॉकवाले आजोबा एकत्र उभे असतील ती. कॉफी "बाय-टू" मागा, एका कॉफीचे दोन अर्धे पेले करून देतात. त्यावरून बोलणं सुरू होतं.

दोन, मांसाहारी असाल तर मिलिट्री हॉटेलात जा. नावाला घाबरू नका. पानाच्या द्रोणात बिर्याणी देतात, दोन्ने बिर्याणी, बारीक तांदळाची, कोथिंबीर-पुदिन्याने हिरवट. यातली बरीच जुनी हॉटेलं इथल्या मराठा घराण्यांची आहेत, गल्ल्यावर मराठी बोला, दक्षिणी वळणाचं मराठी उत्तर येईल. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, त्या काळापासून इथे मराठी वस्ती आहे.

तिखटमीठ
म्हणजे बिर्याणी पण आपली आणि सांबार तर आपलंच, संभाजी महाराज तंजावरला गेले तेव्हा आमटीत कोकम नव्हतं म्हणून चिंच घातली, तेच ते सांबार.

जयनगरकर
कृपा करून हे इथे आणू नका. त्या गोष्टीला त्या काळातला एकही पुरावा नाही, आणि हे वाक्य मी इथल्या शेजाऱ्यांसमोर आलेल्या पाहुण्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की लाज वाटते. दुसऱ्याच्या गावात जेवायला बसल्यावर हे मुळात आमचं म्हणू नये. मी बिर्याणी आपली म्हटलेलं नाही. त्या लोकांनी इथल्या तांदळात, इथल्या चवीत, इथे ती घडवली. ती बेंगळुरूची.

तिखटमीठ
इतकं चिडण्यासारखं काही नव्हतं. बरं, ब्राह्मिन्समध्ये सांबार कसं असतं?

जयनगरकर
नसतंच. फक्त चटणी.

मैलाचा_दगड
सगळे डोसा नि पावत्यांवर गेलात म्हणून लिहितो. मी सेल्समध्ये होतो. दर टूरला नवीन गाव, नवीन बार, "इथली लोकल काय आहे" हे माझं पण वाक्य होतं. सुरुवात एका ग्लासानेच झाली. घरी असताना पीत नव्हतो म्हणून वाटायचं सवय नाही. पण महिन्यातले वीस दिवस मी घरी नव्हतोच. बायकोला कळायला सहा वर्षं लागली, मला त्याहून जास्त. आता पाच वर्षं बंद आहे. राघू, तुझं यीस्टचं वर्णन छान आहे, तू तिथे शिकायला जातोस हे दिसतं. पण एकटं माणूस, परकं गाव आणि रिकामी संध्याकाळ, ही तीन एकत्र आली की काय होतं ते मला माहीत आहे. शिस्तप्रिय यांच्या दहीभाताला नावं ठेवताना हे पण बघ.

चाकणचा_राघू
दादा, यावर मी वाद घालणार नाही. मी स्वतःला एक नियम घातलाय की लागोपाठ दोन फेऱ्यांना ब्रुअरी नाही, तो इथे लिहिला नव्हता कारण लिहिला तर माझाच मुद्दा कच्चा पडेल असं वाटलं. पण खोलीत बंद होऊन बसणं हा त्यावरचा उपाय आहे असं मला अजून वाटत नाही. गांधी बाजारात संध्याकाळी फुलांच्या टोपल्या लागतात, तिथून नुसतं चालत गेलं तरी संध्याकाळ रिकामी राहत नाही.

मैलाचा_दगड
ते मला चालेल.

शिस्तप्रिय
दर्शिनीची गोष्ट मी समजू शकतो. गरम, समोर केलेलं, स्वस्त. पुढच्या महिन्यात भाचीच्या कामासाठी बेंगळुरूला जायचं आहे, बघू. ब्रुअरीबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि बदलणार नाही.

निळी_छत्री
राघू, मी गुरुवार-शुक्रवार तिकडे आहे. विद्यार्थी भवन?

चाकणचा_राघू
गुरुवारीच जा, शुक्रवारी बंद असतं.

पावती_हरवली
हिशोबनीस, ते १७(५) चं मला चार ओळीत लिहून द्या की, एचआरला पाठवतो. ५०० पर्यंत स्वतःच्या सहीचं चालेल असं काहीतरी घाला त्यात.

हिशोबनीस
देतो रात्री. व्हॅटचं पण घालू का, बिअरची ओळ वेगळी करून जेवण पास करा असं?

पावती_हरवली
नको नको, बिअरचा शब्दच नको त्यात. नाहीतर माझे ३४० पण गेले.