एआय चेकरने ८७% म्हटलं म्हणजे पोरीने चोरी केली का?

माटुंग्याचा मामा: काल एका प्राध्यापक मॅडमनी इथे लिहिलं की प्रोजेक्ट रिपोर्ट एआय चेकरमधून (लिखाण किती टक्के मशीनचं वाटतं ते सांगणारं सॉफ्टवेअर) जाणार, ४०% च्या वर आलं की परत, रडगाणं ऐकणार नाही. गप्प बसणार होतो पण रात्रभर डोक्यात तेच.
माझी भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात. इंग्रजी घासून घासून शिकली, त्यामुळे छोटी वाक्यं, व्याकरण बिनचूक, 'इन धिस चॅप्टर वी विल डिस्कस' छाप. चेकर म्हणाला ८७% मशीन! आता ती स्वतःच्या रिपोर्टमधले 'द' खोडतेय, मुद्दाम दोनचार स्पेलिंगं बिघडवतेय, आणि टक्का उतरतोय. हे शिक्षण?
स्टॅनफर्डवाल्यांनी २०२३ मध्ये सात चेकरना टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, ९१ निबंध दिले, सरासरी निम्म्याहून जास्त मशीनचे ठरले. अमेरिकन आठवीतली पोरं मात्र जवळजवळ सगळी सुटली. कारण असा चेकर मुख्यतः बघतो काय, तर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते. सगळे अपेक्षितच, तर मशीन. ज्याचा शब्दसाठा लहान तो मेला.

सबमिशनग्रस्त मॅडम: मामा, वर्गात ७० पोरं आहेत. गेल्या सेमला एकाने 'अ‍ॅज अ‍ॅन एआय लँग्वेज मॉडेल' ही चॅटबॉटची ओळ तशीच ठेवून वर स्पायरल बाइंडिंग करून आणलं. त्याची आरती ओवाळू?

दादर टीटी: त्याला पकडायला चेकर कशाला लागतो मॅडम, डोळे पुरेत 😄 खुद्द चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जानेवारी २०२३ ला चेकर काढला आणि जुलैत गुंडाळला. मशीनचं लिखाण पकडायचा २६%, आणि माणसाने लिहिलेल्यातलं ९% मशीनच्या नावावर टाकायचा.

आकडेमोड्या: सगळंच भंपक नाहीये हो. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये 'अपॉन'सारखे किरकोळ शब्द मोजून १२ वादग्रस्त फेडरलिस्ट निबंध (अमेरिकन राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेले) मॅडिसनचे हे दाखवलं. लिहिणाऱ्याची सवय लपत नाही.

माटुंग्याचा मामा: तिथे संशयित दोनच, हॅमिल्टन नाहीतर मॅडिसन, आणि दोघांचं ढीगभर लिखाण हाताशी. माझ्या भाचीचं आधीचं एक पान तरी कोणी बघितलंय का?

ओवीवेडा: आपल्याकडे हे सगळं आधीच होऊन गेलंय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिवराम भारद्यांनी लिहिलं की ज्ञानेश्वरीवाले ज्ञानेश्वर वेगळे आणि अभंगवाले वेगळे. केवढा गदारोळ! टाका की दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये, लागेल निकाल.

वारकरी_लालबाग: माउलींना चेकरमध्ये घालायला निघालात? काही ताळतंत्र?

ओवीवेडा: भावना बाजूला ठेवा हो जरा, प्रश्न भाषेचा आहे.

वारकरी_लालबाग: मग भाषेचंच ऐका. ज्ञानेश्वरीतली ओवी गीतेचा अर्थ उलगडणारी, अभंग टाळ घेऊन म्हणायचा. शब्द वेगळे पडणारच. तुम्ही ऑफिसच्या मेलमध्ये आणि बायकोशी एकाच भाषेत बोलता का? शिवाय माउलींच्या हातची प्रत आहे कुठे, एकनाथ महाराजांनी १५८४ ला ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्याआधी आणि नंतर किती हातांनी नकला उतरल्या. तुम्ही मोजणार ते नकला करणाऱ्यांचे शब्द!

ओवीवेडा: हा मुद्दा बरा आहे. तोंड तेवढं सांभाळा.

वारकरी_लालबाग: सुरुवात कोणी केली?

दादर टीटी: दोघांनी चहा घ्या. गाडी रिपोर्टवर आणा.

आकडेमोड्या: उलट गाडी रिपोर्टवरच आलीये. प्रकार बदलला की सवय बदलते. पोरीचं व्हॉट्सअ‍ॅप आणि पोरीचा रिपोर्ट जुळणार नाहीत, म्हणून ती दोन माणसं होत नाहीत. मामांना एक गुण.

माटुंग्याचा मामा: उपकार झाले.

सबमिशनग्रस्त मॅडम: झाली सगळ्यांची पीएचडी? बरं. नुसत्या टक्क्यावर परत करणार नाही, खूश? भाचीने कच्चा ड्राफ्ट आणावा, दहा मिनिटं तोंडी विचारीन. आणि ७० पोरांना दहा दहा मिनिटं म्हणजे किती तास हे आकडेमोड्यांनी आमच्या प्रिन्सिपॉलना समजावून सांगावं, मला तर कोणी विचारत नाही.

माटुंग्याचा मामा: ड्राफ्ट वहीत आहे मॅडम, पेनने लिहिलेला. चालेल?

सबमिशनग्रस्त मॅडम: चालेल. खोडलेलं पान फाडू नका म्हणावं, तेच आधी बघणारे.