प्रतिसाद: झोजी ला म्हणजे फक्त वाटेतली अडचण नव्हे

वर एकांनी लिहिलंय की श्रीनगरहून लेहला जाताना झोजी ला (काश्मीर आणि लडाखमधली खिंड) 'कसाबसा उरकायचा' घाट आहे. रस्ता भीतीदायक आहे हे खरंच, पण या खिंडीवर अन्याय होतोय.

उंची जेमतेम ३,५०० मीटर, म्हणजे लडाखच्या हिशेबात किरकोळच. तरीही खारदुंग ला वगैरे उंच खिंडींपेक्षा हिने इतिहास जास्त पाहिलाय. १९४८ मध्ये ही खिंड पाकिस्तानी हल्लेखोरांच्या ताब्यात होती आणि लेहची वाट बंद. सप्टेंबरमधले पायदळाचे हल्ले फसले. मग तिथल्या भारतीय सैन्याचे प्रमुख जनरल थिमय्यांनी थेट रणगाडेच वर चढवायचं ठरवलं. वरचे तोफेचे बुरूज काढून, झाकून, गुपचूप खिंडीच्या पायथ्याच्या बालतालपर्यंत आणलेले ७ कॅव्हलरी या रणगाडा पथकाचे हलके स्टुअर्ट रणगाडे १ नोव्हेंबरला खिंडीत घुसले. थिमय्या स्वतः आघाडीच्या रणगाड्यात! इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच महिन्यात कारगिल परत मिळालं.

बघण्यासारखं काय म्हणाल, तर चढताना मागे वळून दिसणारं सिंध नदीचं (ही काश्मीरमधली, सिंधू नव्हे) हिरवं खोरं आणि पलीकडे उतरताच सुरू होणारे उघडेबोडके डोंगर. ढग काश्मीरच्या बाजूलाच रिकामे होतात, त्याचा हा परिणाम. पुढे माचोई हिमनदीही दिसते. द्रासला कारगिल युद्धाच्या स्मारकापाशी थांबाच.

हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद पडतो, म्हणून खालून बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की बरेच जण वर फिरकणारच नाहीत, तेव्हा जायचं तर आत्ताच जा.