आमवाताच्या गोळ्या सोडून हेम्पचं तेल? हा सल्ला देऊ नका

खाडीकाठची
काल इथे एकाने लिहिलं, 'आमवाताच्या गोळ्या बंद करा, हेम्पचं तेल घ्या, महिन्यात सांधे मोकळे.' खाली लगेच 'कुठे मिळेल, केवढ्याला' सुरू. राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमवात म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, आणि हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड.

दुकानात मिळतं ते बहुतेक बियांचं तेल. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली ती खाद्यपदार्थ म्हणून. त्यात सीबीडी, म्हणजे या झाडातला नशा न आणणारा घटक, जवळजवळ नसतंच. आणि खरं सीबीडी? डेन्मार्कमध्ये हाताचे सांधे झिजलेल्यांना आणि सोरायसिसचा संधिवात असलेल्यांना १२ आठवडे रोज २० ते ३० मिलिग्रॅम दिलं. खोट्या गोळीपेक्षा जास्त आराम पडला नाही. ऑस्ट्रियात गुडघ्यांसाठी रोज ६०० मिलिग्रॅमपर्यंत गेले, तरी तेच.

आईची पेरं सकाळी इतकी सुजायची की पिठाचा गोळाही मळता येत नसे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी सुरू झाली आणि आज ती आदोळीवर बसून नारळ खवते. कुणाच्या पोस्टवर विसंबून तिने गोळी सोडली असती तर बोटं कायमची वाकडी झाली असती.

रेवस_ते_रेडी
सोयीचं तेवढं सांगितलंत. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये आमवाताच्या ५८ रुग्णांवर टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि सीबीडीचा तोंडात मारायचा स्प्रे ५ आठवडे वापरून पाहिला. हालचाल करताना आणि बसल्या जागी, दोन्ही वेळचं दुखणं कमी झालं, झोपही सुधारली. ते का गाळलं?

बाबांनी वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅक खाल्लं, आता किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलंय आणि डॉक्टर म्हणतात पेनकिलर बंद. मग भातलावणीत मोडलेल्या त्या कंबर-गुडघ्यांनी करायचं काय? १९८५ च्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येतही नाहीत. आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे. दुखणाऱ्या माणसाला आधी नकारच का ऐकवायचा?

खाडीकाठची
५८ जणांचा अभ्यास आहे, मान्य. आराम पडला, तेही मान्य. पण तो मोजून दिलेला स्प्रे होता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुमच्या तेलाच्या बाटलीत टीएचसी किती, सीबीडी किती, सांगता येईल? आणि दुखणं कमी होणं म्हणजे सांध्याची झीज थांबणं नव्हे. आमवातात खरा धोका तोच आहे.

मालवणी_गडी
तुमचा डेन्मार्क-ऑस्ट्रिया ऱ्हवांदे. आमच्याकडे उंडी आसा! आजी उंडीच्या बिया उन्हात वाळवून घाण्यावर द्यायची. काळपट हिरवं, उग्र वासाचं तेल. रात्री गुडघ्याला चोळून वर गरम फडकं बांधायची. आता तेल मागायला गेलं तर घाणाच बंद. किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी, होड्यांना लाकूड देणारी झाडं आमच्या गावात रस्त्यासाठी तोडली. त्यावर धागा काढा कुणीतरी!

रेवस_ते_रेडी
आमच्याकडेही तोडली. रोपं लावू म्हणाले, एक दिसत नाही.

काउंटरमागचा
उंडी चोळा, शेक घ्या, कुणाची हरकत नाही. पोटात जाणाऱ्याचं बोला. सीबीडी यकृतात जिथे मोडतं तिथेच बरीच औषधं मोडतात. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असतो, त्यात हे. माझ्या औषधाच्या दुकानात येणारे हेम्पच्या तेलाचं डॉक्टरांना सांगत नाहीत, मला हळूच विचारतात. वैदूच्या पुडीनेही असेच 'बरे' झालेले पाहिलेत मी. आत स्टेरॉइड निघतं. चेहरा सुजतो, साखर चढते, मग धावाधाव.

मालवणी_गडी
डॉक्टर खंय आसा ता आधी सांगा! संधिवाताचा डॉक्टर म्हणजे आम्हाला कोल्हापूर नाहीतर मुंबई. आवशीला गुडघ्यांनी एसटीची पायरी चढवत नाही. नंबर लागेपर्यंत दिवस गेला, मुक्काम करा, मजुरी बुडवा. मग माणूस बाटलीकडे वळणार नाही तर काय करणार?

खाडीकाठची
याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि राग मलाही येतो. पण डॉक्टर लांब आहे म्हणून चालू गोळी तोडायची, हे मी कधीच पटवून घेणार नाही. सहा तासांच्या वाटेवर आईला मीच नेते.

रेवस_ते_रेडी
आवाज चढवू नका, गोळी सोडा असं मी कुठेच म्हटलं नाही. काउंटरमागचा म्हणतात ते वॉर्फरिनचं मला माहीत नव्हतं, आणि बाबांना तीच गोळी चालू आहे. सोमवारी बाटली घेऊन डॉक्टरांकडे जातो. त्यांनी नको म्हटलं तर दुखण्यासाठी दुसरं काय देणार, ते तिथेच लिहून घेणार आहे. नुसतं 'नको' ऐकून परत येणार नाही.