दूरच्या सभागृहातला प्रेक्षक प्रयोगात असतो की नुसता बघत बसतो?

तिसरी घंटा (धागाकर्ता)
परफॉर्मन्स आर्टचा, म्हणजे कलाकार स्वतः प्रेक्षकांपुढे राहून घडवतो त्या कलेचा, प्रयोग एका ठिकाणी करायचा आणि त्याच वेळी चार-पाच दूरच्या सभागृहांत पडद्यावर थेट दाखवायचा, हे आता सर्रास होतं. माझं म्हणणं असं की, दूरच्या सभागृहातल्या माणसाला त्या प्रयोगात काहीच घडवता किंवा बिघडवता येत नसेल, तर त्याच्यापुरता प्रयोग झालाच नाही. त्याने चित्रीकरण पाहिलं, तेही कॅमेऱ्यामागच्या माणसाने निवडून दिलेलं.

परफॉर्मन्स आर्ट करणाऱ्या मरीना अब्रामोविच यांचा १९७४ मधला, इटलीतल्या नेपल्समधला 'रिदम झिरो' हा प्रयोग घ्या. टेबलावर ७२ वस्तू मांडलेल्या, त्यांत गुलाब होता, कात्री होती, पिस्तूल आणि गोळीही होती. सहा तास त्या निश्चल उभ्या राहिल्या आणि लोकांना सांगितलं होतं, या वस्तू माझ्यावर हव्या तशा वापरा. लोकांनी कपडे कापले, अंगावर जखमा केल्या. एकाने त्यांच्याच हातून पिस्तूल त्यांच्यावर रोखायला लावलं तेव्हा दुसरे मध्ये पडले. हेच पाच सभागृहांत थेट दाखवलं असतं तर? तिथे बसलेल्यांना ना जखम करता आली असती, ना पिस्तूल काढून घेता आलं असतं. मध्ये पडायचं की नाही, हा पेचच त्यांच्यापुढे आला नसता. आणि माझ्या मते तो पेच हाच प्रयोग होता.

मागची रांग
अजिबात पटलं नाही. नेपल्सच्या त्या खोलीतही सगळ्यांनी थोडाच हात लावला असेल? गप्प उभा राहिलेला माणूस प्रयोगाबाहेर होता, असं तुम्ही म्हणाल का?

ब्रिटनच्या नॅशनल थिएटरने २००९ मध्ये 'फेद्र' हे नाटक रंगमंचावरून थेट सिनेमागृहांत दाखवलं. त्यावर नेस्टा या तिथल्याच संशोधन संस्थेने अभ्यास केला. नाट्यगृहातल्यांपेक्षा सिनेमागृहातले प्रेक्षकच भावनिकदृष्ट्या जास्त गुंतल्याचं सांगत होते. अनोळखी माणसांच्या शेजारी, त्याच क्षणी, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना बघणं, हे त्यांना मिळालंच ना?

आणखी एक. ज्यांना प्रवास झेपत नाही, जे अंथरुणाला खिळलेले आहेत किंवा ज्यांच्या गावात असलं काही कधी होणारच नाही, त्यांना 'तुमच्यापुरता प्रयोग झालाच नाही' हे मी तरी सांगू शकणार नाही.

तिसरी घंटा
मागची रांग, तुमचा शेवटचा मुद्दा मला फार जवळचा आहे, आणि त्याच लोकांसाठी मी भांडतोय. त्यांना आपण उरलंसुरलं का द्यावं?

'फेद्र'बद्दल: संहितेतलं नाटक प्रेक्षकाने काही करावं म्हणून थांबत नाही. ते पडद्यावर पोचतं, यात शंका नाही. मी बोलतोय ते प्रेक्षकाशिवाय पुरं न होणाऱ्या कामांबद्दल. गप्प उभ्या राहिलेल्या माणसाने हात न लावायचं ठरवलं होतं. दूरच्याला ठरवायची सोयच नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

मागची रांग
मग तुमच्या कसोटीला उतरणारं, झालेलं एखादं काम दाखवा. नाहीतर ही कसोटी कागदावरच राहील.

तिसरी घंटा
१९८०, 'होल इन स्पेस'. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलाकारांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस इथे रस्त्यालगत मोठे पडदे लावून उपग्रहाने जोडले. जाहिरात नाही, सूचना फलक नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांना पलीकडची माणसं पूर्ण उंचीची दिसत, ऐकू येत, त्यांच्याशी बोलता येई. तीन संध्याकाळी हे चाललं. शेवटी शेवटी तर दूर राहणारे नातेवाईक ठरवून एकमेकांना भेटायला आले. तिथे मूळ जागा कुठली आणि दूरची कुठली, हे सांगता येत नाही.

ध्वनीवाला
मी अशा प्रक्षेपणांची तांत्रिक बाजू सांभाळतो. दोन जागा जोडणं आणि सहा जागा जोडणं यांत फार अंतर आहे.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सहा हजार किलोमीटरला एका बाजूने किमान ३० मिलिसेकंद. एवढं चालतं, हवेतून दहा मीटरवरचा आवाजसुद्धा तेवढ्याच वेळाने पोचतो. खरा उशीर होतो चित्र दाबताना, साठवताना आणि उलगडताना. नेहमीच्या स्ट्रीमिंगमध्ये तो कित्येक सेकंदांवर जातो आणि प्रत्येक सभागृहात वेगळा असतो. सगळ्यांना एका वेळेवर आणायचं तर सर्वांत मंद सभागृहासाठी बाकीच्यांना थांबवावं लागतं. मग संवाद मेला. त्यात परतीच्या, म्हणजे सभागृहांकडून उलट येणाऱ्या, आवाजातून त्या-त्या सभागृहाचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो, नाहीतर नुसते प्रतिध्वनी. कमी उशिराची यंत्रणा आहे, पण प्रत्येक ठिकाणी चांगली इंटरनेट लाइन आणि जाणता माणूस हवा. तिसरी घंटा यांची अट मान्य केली तर बरीच छोटी सभागृहं आपोआप गळतील.

उभी
मी स्वतः प्रयोग करते, म्हणून लिहिते. एका आयोजकांनी माझं काम तीन सभागृहांत पाठवलं, परतीचं चित्र किंवा आवाज काहीच नव्हतं. समोरच्या लोकांचा श्वास मला कळत होता, बाकीच्यांसाठी मी कॅमेऱ्याच्या काळ्या भिंगाकडे बघत होते. माझं काम समोरच्याच्या हालचालीवर चालतं. त्या तीन सभागृहांना मी काहीच देऊ शकले नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

पण शरीर दूर असलं की संपलं, हेही खरं नाही. कलाकार पॉल सर्मन यांच्या १९९२ च्या 'टेलिमॅटिक ड्रीमिंग' या कामात दोन खोल्यांत दोन पलंग असतात. एका पलंगावरच्या माणसाची प्रतिमा दुसऱ्यावर पडते. नृत्यांगना सुझन कोझेल यांनी त्यात काही आठवडे काम केलं. कुणीतरी त्यांच्या प्रतिमेच्या पोटात कोपर मारलं तेव्हा अंगाला काही लागलं नसतानाही त्या इकडे वाकल्या, असं त्यांनी लिहिलं आहे. प्रतिमेला मारलं तरी अंग उत्तर देतं. एवढं नातं जुळू शकत असताना आपण एकतर्फी कॅमेऱ्यावर का समाधान मानायचं?

मागची रांग
उभी, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण २०१२ मध्ये लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाने वेगळाच मार्ग काढला. एक खोली, समोर प्रेक्षक कुणी नाही, प्रयोग केवळ इंटरनेटवर बघणाऱ्यांसाठी. पहिला प्रयोग नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांचा होता. सगळेच दूर, त्यामुळे उरलंसुरलं कुणाच्याच वाट्याला नाही. बघणाऱ्यांना प्रयोग बदलता येत नव्हता, तरी तो त्यांच्यासाठीच रचलेला होता. मला एवढं पुरेसं वाटतं. कलाकाराने भिंगासाठी काम रचलं, तर भिंग काळं राहत नाही.

तिसरी घंटा
टेटचं उदाहरण चांगलं आहे. तिथे दूरच्या माणसाचा विचार आधी झाला, मागाहून कॅमेरा आणून ठेवला नाही. तरी मला अर्धंच वाटतं. हजारो लोक बघत असताना त्यांच्यातलं कुणीही आत पोचू नये, हे या कलेसाठी फार मोठं नुकसान आहे. गळतील म्हणून छोट्या सभागृहांची काळजी मलाही आहे, पण त्यावर उपाय सभागृहं कमी करण्याचा आहे, परतीची वाट कापण्याचा नाही. ध्वनीवाला, सहाऐवजी दोनच जागा जोडल्या आणि सगळा खर्च त्यांच्यावर केला तर?

ध्वनीवाला
दोन जागा नीट जमतात. परतीचं चित्र शक्य तितकं भिंगाजवळ लावा, म्हणजे कलाकाराची नजर पलीकडच्या माणसांवर पडते. बाजूला लावलं की ती कुठेतरी तिसरीकडेच बघतेय असं दिसतं. तीनपर्यंत मी हो म्हणेन. चौथी जागा घ्यायची तर आदल्या दिवशी सगळ्या ठिकाणी पूर्ण तालीम व्हायला हवी, आणि आयोजक नेमका त्याच दिवसाला नाही म्हणतात.