९ मिलिमीटरसाठी पहिली पावडर कोणती घ्यावी? (घरी रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा काडतुसं भरणं, सुरू करतोय)

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. ग्रीन कार्ड होऊन दोन वर्षं झाली आणि गेल्या उन्हाळ्यापासून यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या मॅचेस खेळतोय. पिस्तूल ९ मिलिमीटरचं. सराव धरून महिन्याला सहाशे-सातशे राउंड (काडतुसं) लागतात, विकतचे आता परवडेनासे झालेत. आमच्या क्लबातल्या एका वयस्कर सभासदांनी हात थरथरतात म्हणून रीलोडिंग बंद केलं आणि त्यांचा डिलन ५५० प्रेस (राउंड भरायचं यंत्र) मला अगदी कमी किमतीत दिला. रेंजवर वेचलेल्या दोन बादल्या पुंगळ्या धुऊन ठेवल्यात, प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या) आहेत, १२४ ग्रेन वजनाच्या कोटेड (लेप दिलेल्या) गोळ्या आहेत. अडलंय ते पावडरवर.

जवळच्या दुकानात टाइटग्रुप आणि एचपी-३८ दोन्ही आहेत. एक मित्र म्हणतो, थोडे जास्त पैसे टाक आणि विहटावुओरीची एन३२० घे. दुसरा म्हणतो, टाइटग्रुप सगळ्यांत कमी लागते, तीच घे. प्रेस तळघरात आहे, घरात सात वर्षांची मुलगी आहे, आणि बायकोचा साधा प्रश्न आहे: "बंदुकीची दारू घरात ठेवायची म्हणजे नेमकं काय?" तिला नीट उत्तर देता यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गडवाट:
आधी एक विनंती. या धाग्यावर कुणीही पावडरच्या वजनाचा, म्हणजे ग्रेनचा आकडा लिहू नये, आणि लिहिला तरी तो कुणी वापरू नये. किती पावडर टाकायची ते पावडर बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्यायचं. टाइटग्रुप आणि एचपी-३८ विकणाऱ्या हॉजडन कंपनीचा तक्ता त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. सुरुवातीचा आकडा घ्यायचा, दहाच राउंड भरायचे, त्यांचा वेग मोजायचा, मग पुढे सरकायचं. ९ मिलिमीटरचा दाब साम्मी या अमेरिकी उत्पादक संस्थेच्या मानकानुसार ३५,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जाऊ शकतो. पुंगळी लहान, त्यामुळे गोळी जरा जास्त आत बसली तरी दाब झपाट्याने चढतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी टेक्ससमध्ये अकरा वर्षं रीलोडिंग करतोय. पहिली पावडर निवडताना मी एकच गोष्ट बघायला सांगेन: चुकून दोनदा पडली तर डोळ्यांना दिसते का?

तुमचा ५५० हाताने फिरवायचा प्रेस आहे. दांडा ओढला की पुंगळ्या धरणारी प्लेट आपोआप पुढे जात नाही, ती तुम्ही अंगठ्याने फिरवायची. मधेच कुणी हाक मारली, तुम्ही मान वळवली, आणि प्लेट फिरवायची राहून दांडा पुन्हा ओढला, की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडली. टाइटग्रुप दाट असते आणि थोडीच लागते. दुप्पट पडली तरी ९ मिलिमीटरच्या पुंगळीत ती मावते. घाईत ते लक्षात येत नाही, आणि असा राउंड उडाला तर पिस्तूल फुटतं, बोटं जायची वेळ येते. एचपी-३८ दुप्पट पडली तर जवळजवळ काठापर्यंत येते. एन३२० हलकी आणि फुगीर, ती दुप्पट झाली तर सांडते. नव्या माणसाला ही सांडणारी पावडर फार मोठा आधार आहे.

म्हणून दुकानात आहेच तर एचपी-३८ घ्या. बारीक, चपट्या दाण्यांची बॉल पावडर आहे, मापातून (प्रेसवरच्या पावडर टाकणाऱ्या भागातून) पाण्यासारखी वाहते, प्रत्येक वेळी जवळपास तेवढीच पडते. आणि हे लक्षात असू द्या की विंचेस्टर २३१ म्हणजे हीच पावडर, डबा फक्त वेगळा. एक नसेल तेव्हा दुसरी मिळते. पावडर बाजारातून कधीही गायब होते, त्यामुळे हा फायदा मोठा आहे. २०२४ मध्ये पावडरचा मुख्य घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या टंचाईमुळे अलायंट कंपनीच्या पावडरी दुकानांतून दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांच्या बुल्सआय आणि युनिकवर वर्षानुवर्षं विसंबलेले आमच्या रेंजवरचे लोक अडकले, सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

रेवदंडा:
गडवाट यांच्याशी निम्मी सहमत. टाइटग्रुपला इतकं दूर ठेवायचं कारण नाही, मी तीन वर्षं तीच वापरली. पुंगळीत ती पुढे सरकलेली असो की मागे, वेगात फारसा फरक पडत नाही, आणि एका पौंडात खूप राउंड निघतात. पण ती गरम जळते. कोटेड गोळ्यांमागे तिचा धूर होतो, आणि बंदिस्त (इनडोअर) रेंजवर दहा राउंडनंतर समोरचं लक्ष्य पुसट दिसायला लागतं. कृष्णाकाठ यांच्या गोळ्या कोटेडच आहेत, तेव्हा या कारणासाठी मीही टाइटग्रुप नको म्हणेन.

एन३२० बद्दल: फिनलंडमधली ही कंपनी १९२२ मध्ये स्थापन झालेली, आणि दर्जा खरोखर उत्तम आहे. धक्का मऊ, नळी स्वच्छ. पण किंमत बरीच जास्त, आणि अधूनमधून महिनोन्‌महिने मिळत नाही. शिकताना तुम्ही पुष्कळ पावडर मोजमापात आणि चुकीचे राउंड उलगडण्यात घालवणार आहात. ती महागडी पावडर असू नये.

आता दुप्पटीच्या उलट बाजूबद्दल, कारण त्यावर कमी बोललं जातं. दुसऱ्या वर्षी मॅचमध्ये माझ्या पिस्तुलातून नेहमीच्या बारऐवजी नुसता "फट्" असा आवाज आला. रेंज ऑफिसर जोरात "स्टॉप" ओरडले. पावडर पडलीच नव्हती. एकट्या प्रायमरने गोळी नळीत अर्ध्यापर्यंत ढकलली होती. त्यांनी थांबवलं नसतं तर पुढचा राउंड तिच्यावर आदळला असता. त्या दिवसापासून टेबलावर प्रेसच्या वर दिवा लावलाय आणि गोळी ठेवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावते. प्रत्येक. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. मधे उठावं लागलं तर प्लेटवरच्या चारही पुंगळ्या काढून पावडर परत ओतते आणि नव्याने सुरू करते.

निवांत_शनिवार:
धागा वाचून उत्साह आला. मी न्यू जर्सीत, एच-१बीवर आहे. मित्राचा प्रेस वापरून त्याच्यासोबत राउंड भरले तर चालेल का? माझ्या नावावर पिस्तूल नाही.

गडवाट:
थांबा, आधी हे वाचा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने पिस्तूलही बाळगता येत नाही आणि अ‍ॅम्युनिशनही (दारूगोळा). आणि त्या कायद्यात अ‍ॅम्युनिशनची व्याख्या अशी आहे की तिच्यात तयार राउंडबरोबर रिकामी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सगळं येतं. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू पडतात का हे वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटतं की पिस्तूल नाही म्हणजे प्रश्न नाही. वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून एका पावडरच्या डब्यापायी सगळं घालवू नका. शिवाय न्यू जर्सीचे स्वतःचे नियम कडक आहेत, ते वेगळे.

बालेवाडी:
मी पुण्यात दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो. आपल्याकडे असं घरी भरता येतं का, हे कुणी सांगेल का?

रेवदंडा:
तुमच्या एअर पिस्तुलात पावडरच नसते, दाबलेल्या हवेवर पेलेट सुटतो. आणि .२२ या छोट्या काडतुसात प्रायमर पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती एकदा वापरली की संपली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, ते याच .२२ वर. तिथे नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट (खेपा) आपल्या रायफलीत तपासून बघतात आणि जुळणारा लॉट घेतात. रीलोडिंगचा प्रश्न सेंटरफायरला, म्हणजे प्रायमर पुंगळीच्या मध्यभागी वेगळा बसवतात अशा काडतुसांना येतो, आणि भारतात परवान्याशिवाय अ‍ॅम्युनिशन बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा घरी प्रयोग नको. अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या कुणाकडून पावडर किंवा प्रायमर मागवूही नका. विमानात त्या चेक-इन सामानातही चालत नाहीत.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. मग एचपी-३८ वर जवळजवळ ठरलं. आठ पौंडाचा मोठा डबा स्वस्त पडतोय, घेऊ का? आणि घरात ठेवण्याबद्दल कुणी सांगाल का? बायको बाजूला बसून वाचतेय.

गडवाट:
आठ पौंड आत्ता नको. एक पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. राउंडला चार-साडेचार ग्रेन धरले तरी पंधराशेच्या वर राउंड होतात. हे फक्त हिशेबापुरतं, भरायचा आकडा तक्त्यातूनच. तेवढ्यात तुमच्या पिस्तुलाला ही पावडर मानवते का ते कळेल. शक्यतो दुकानातूनच घ्या. ऑनलाइन मागवली तर वर हॅझमॅटचं (धोकादायक मालाचं) शुल्क पडतं, एका पौंडासाठी ते अजिबात परवडत नाही. पुढे मोठी खरेदी कराल तेव्हा प्रायमर आणि पावडर एकाच ऑर्डरमध्ये मागवा म्हणजे बहुतेकदा शुल्क एकदाच लागतं.

आता वहिनींच्या प्रश्नाला उत्तर देतो. ही जुनी काळी दारू नाही. काळी दारू ठिणगीने उघड्यावरसुद्धा भडका घेऊन स्फोट करते. ही धूरविरहित पावडर उघड्यावर पेटली तर जोरात जळते, आणि घट्ट बंद जागेत पेटली तरच फुटते. कंपनीचा प्लॅस्टिकचा डबा मुद्दाम असा बनवलेला असतो की आत दाब वाढला की तो लवकर उघडतो. म्हणून पावडर कधीही काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात किंवा जड तिजोरीत ठेवायची नाही. मूळ डब्यात, थंड कोरड्या जागी, लाकडी कपाटात कुलूप लावून. अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ मानकात घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत मुभा आहे, त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीचं लाकडी खोकं लागतं. तुमच्या गावाचा नियम त्याहून कडक असू शकतो, अग्निशमन विभागाला एक फोन करा. तळघरात पाणी तापवायचा बंब किंवा भट्टी असेल तर कपाट तिच्यापासून लांब. प्रायमर वेगळ्या कपाटात.

टेबलावर एका वेळी एकच डबा. काम झालं की मापातली उरलेली पावडर त्याच डब्यात परत, रात्रभर मापात नाही. कोणती पावडर आहे याची शंका आली तर ती वापरायची नाही, किंमत कितीही असो. आणि डबा उघडल्यावर आंबट, तिखट वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर पावडर बिघडलेली आहे.

रेवदंडा:
एक भर घालते. घरात लहान मूल आहे तर पावडरपेक्षा शिशाची काळजी जास्त करा. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. पुंगळ्या स्वच्छ करायला कोरड्या घोळवल्या तर ती धूळ हवेत उडते, पाण्यात घोळवा. ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नको. टेबलाजवळ चहासुद्धा नको, वर येताना हात साबणाने धुवा, आणि रेंजचे कपडे मुलीच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

कृष्णाकाठ:
तीन आठवड्यांनी कळवतोय. एक पौंड एचपी-३८ घेतली. जाड पाइनच्या फळ्यांचं कपाट केलं, किल्ली बायकोकडे आहे. तिनेच सुचवलं की मुलगी झोपल्यावरच प्रेसवर बसायचं, म्हणजे हाक मारायला कुणी नाही. तक्त्याच्या सुरुवातीच्या आकड्यापासून तीन टप्प्यांत दहा-दहा राउंड भरले. पहिल्या टप्प्यात स्लाइड पूर्ण मागे येत नव्हती. तिसऱ्या टप्प्यात क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी १,०४५ फूट प्रति सेकंद आले. १२४ गुणिले १,०४५ भागिले १,००० म्हणजे पॉवर फॅक्टर (गोळीच्या वजन-वेगावरून काढलेला जोर) १२९.६. मॅचमधल्या मायनर या कमी जोराच्या गटाला १२५ लागतो, तेव्हा इथेच थांबलो. भरताना एकदा मुद्दाम रिकाम्या, प्रायमर नसलेल्या पुंगळीत दोनदा पावडर टाकून बघितली. काठापर्यंत आली. बायकोलाही दाखवली.

गडवाट:
फार छान काम केलंत. थंडीत एकदा पुन्हा मोजा, तेव्हा वेग थोडा उतरू शकतो आणि १२५ च्या वर थोडी जागा हवी. डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढचा डबा वेगळ्या लॉटचा आला तर पुन्हा खालच्या टप्प्यापासून सुरू करा.