नारायण मेघाजी लोखंडे: संपादक म्हणून कसे होते?

चाळकरी:
दर 10 जूनला तोच फॉरवर्ड येतो की रविवारची सुट्टी लोखंड्यांमुळे मिळाली. ते ठीकच, पण ते 'दीनबंधु'चे संपादकही होते ना, मग पेपर आधी की गिरणी कामगारांची युनियन आधी? आणि जोतीराव फुल्यांनी त्यांच्यावर राग काढला होता असं ऐकलं, ते खरं का?

शाईचा डाग:
पेपर आधी. 'दीनबंधु' कृष्णराव भालेकरांनी 1877 ला पुण्यात काढला, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या लोकांचा पेपर. पण पैशाची बोंब, म्हणून 1880 ला लोखंड्यांनी तो मुंबईत आणून चालवायला घेतला. ते स्वतः मांडवीतल्या गिरणीत स्टोअरकीपर, त्यामुळे कामगारांचे हाल त्यांना बातमीदार पाठवून कळायची गरजच नव्हती. 1884 ला गिरण्यांच्या चौकशीसाठी सरकारचं फॅक्टरी कमिशन बसलं तेव्हा परळला सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार 15 तारखेच्या आत आणि अपघात झाला तर भरपाई. सुट्टी पदरात पडली 1890 ला, म्हणजे सहा वर्षं घासाघीस चालू होती. हे फॉरवर्डमध्ये कुठे असतं?

बिगारी:
रागाचं खरं आहे. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं दीनबंधुत आली आणि लोखंड्यांनी पुढची छापायची थांबवली. जोतीराव भडकले आणि भेकड म्हणाले. मला तर जोतीरावांचंच पटतं, आपल्याच माणसाचं छापायला कचरायचं तर सत्यशोधकांचा पेपर कशाला काढायचा?

शाईचा डाग:
अहो पण काळ बघा. 1882 लाच टिळक-आगरकर कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामी खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले होते. त्यांच्यामागे पुण्यातला शिकलेला वर्ग तरी होता, हा गिरणीत नोकरी करणारा माणूस, खटला झाला असता तर पेपर गेलाच असता, मग त्या सह्यांच्या अर्जामागे कोण उभं राहिलं असतं? मी याला भेकडपणा म्हणणार नाही, हिशेब म्हणेन. आणि 1890 ला विधवांचं केशवपन करायचं नाही म्हणून मुंबईतल्या न्हाव्यांनी संप केला, त्यामागेही हेच होते. तेव्हा कुठे घाबरले?

बिगारी:
न्हाव्यांच्या संपाला सरकार कशाला चिडेल? असूडात थेट सरकारी कारभाराला आणि अधिकाऱ्यांना झोडलंय, फरक आहे तो. बाकी माणूस मोठा यात वाद नाही, 1897 ला प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करताच गेले.

चाळकरी:
धन्यवाद दोघांना. आता असूडच काढून वाचतो, तिसऱ्या प्रकरणापासून 😄