मदत हवी आहे: हार्डडिस्क काढून एसएसडी बसवायची आहे, पण जुनी सॉफ्टवेअर जाता कामा नयेत

नमस्कार मंडळी,

सांगलीत घरूनच डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल असलं सगळं. लॅपटॉप २०१८चा: आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची ५४०० आरपीएमची हार्डडिस्क. सकाळी बटण दाबून कुकर लावते. तीन शिट्ट्या झाल्या की डेस्कटॉप दिसतो, पण त्यावरचं काही उघडायला आणखी एक चहा जातो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, प्रोसेसर मात्र ५-१० टक्क्यांवर निवांत.

इथवर चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात पत्रिका सेव्ह करताना सगळं गोठलं आणि आतून टक् टक् आवाज आला. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून पाहिलं तर पिवळं 'कॉशन', आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर (नीट वाचता न येणारे डिस्कचे तुकडे) १८.

दुकानात विचारलं. "ताई, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, दोन तासांत मोकळं." माझं घोडं तिथेच अडलंय. पेजमेकर (पानांची मांडणी) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्ट) यांच्या जुन्या आवृत्त्या आहेत, त्यांच्या सीडी २०१९च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटासकट गेल्या. लॅपटॉप वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. म्हणजे आहे तसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर न्यायला हवं.

सी २०० जीबीचं आहे, त्यात १४० भरलंय. उरलेलं सगळं डी, त्यात कामाच्या फायली २१० जीबी. ५०० जीबीची एसएसडी घेतली तर मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर क्लोन (जशीच्या तशी नक्कल) होतं का? आणि डिस्क अशी आजारी असताना क्लोन करावं का?

प्रतिसाद

आधी एक सांगतो: ते १८ म्हणजे अठरा नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांनी मोजून, दाखवतं, तेव्हा तुमचे २४ सेक्टर अडकलेत. आज रात्रीच डी मधल्या फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) वगैरे चालवत बसू नका, दुखऱ्या डिस्कला उगाच पळवल्यासारखं होईल. क्लोन नंतर.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. क्लोनझिला हा क्लोन करणारा प्रोग्राम पूर्ण डिस्क उचलायची म्हटली की समोरची डिस्क निदान तेवढीच मोठी मागतो, त्यामुळे १ टीबीवरून ५०० वर सरळ जाणार नाही. पण तुम्हाला पूर्ण डिस्क हवीय कशाला? पार्टिशन निवडू देणारं सॉफ्टवेअर घ्या (एसएसडी कंपन्या स्वतःचं देतात, त्यात सोय आहे का बघा) आणि फक्त सी आणि त्याच्या आगेमागची छोटी पार्टिशनं न्या. ती १००-२०० एमबीची ईएफआय पार्टिशन (जिथून विंडोज सुरू होतं) लोक हमखास विसरतात आणि मग 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणून इथे येतात. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसेल. सी चे २०० गेले तरी २६० च्या आसपास उरतील, तुमचे २१० त्यात बसतात. जरा चेपून बसतील, परवडत असेल तर १ टीबीच घ्या.

उरलेल्या जागेचं पार्टिशन करून त्याला अक्षर डी च द्या. ई झालं तर पेजमेकर प्रत्येक पत्रिकेतल्या गणपतीचा फोटो कुठे गेला म्हणून विचारत बसेल.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर क्लोनच्या आधी बंद करा. विंडोजच्या ॲक्टिव्हेशनची काळजी नको, ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं. जुन्या सॉफ्टवेअरचं मात्र छातीठोक सांगत नाही, काहींची नोंदणी डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेली असते. म्हणून सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

धागाकर्ती

रात्रभर कॉपी लावली होती. दोन फायली वाचल्याच गेल्या नाहीत, दोन्ही २०२१च्या वर्गणीच्या पावत्या. सुटले! श्रीलिपीचं लॉक (जे लावल्याशिवाय ती चालत नाही) यूएसबीचं आहे, ते खणात सुरक्षित. आता एसएसडी अडीच इंची सॅटा घेऊ की ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२?

प्रतिसाद

मागचं झाकण उघडून एम.२ची जागा आहे का ते बघा, आणि मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये ती सॅटा चालवते की एनव्हीएमई (डिस्क जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती) ते वाचा. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच, नुसती बसली म्हणून चालेलच असं नाही. खात्री नसेल तर अडीच इंची सॅटा घ्या. वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो, पण तुमची आत्ताची डिस्क १०० च्या पुढे जेमतेम जात असेल. पत्रिकांना तेवढं रग्गड. यूएसबी-सॅटा केबल सोबतच मागवा, क्लोन करताना एसएसडी बाहेरूनच लावायचीय.

उघडताना स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात आणि सगळे एका लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून जिथला तिथे चिकटपट्टीने लावा. कडा सोडवायला जुनं एटीएम कार्ड. आणि डिस्कला हात लावायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर काढा.

धागाकर्ती

झाकण उघडलं, एम.२ नाहीच. अडीच इंची मागवली. आता बटण दाबल्यापासून पेजमेकर उघडेपर्यंत कुकरची पहिली शिट्टीसुद्धा होत नाही. श्रीलिपी लॉक लावताच चालू झाली.

शेवटचं एक. डीव्हीडी ड्राइव्ह आता कोण वापरतं, तिथे कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून मोठी एसएसडी पुढेमागे लावता येईल ना? कॅडी ९.५ मिमी आणि १२.७ मिमी अशा दोन जाडीच्या दिसतात. ड्राइव्ह बाहेर न काढता माझी कुठली ते कसं कळेल?